चालू गाण्यात टोन बदलताना आधीचा सूर तुटतो, त्यावर उपाय काय?

काळीचार (धागाकर्ते)

नमस्कार. मी गेली सहा वर्षे आमच्या तालुक्यातल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. गणेशोत्सव, नवरात्र आणि लग्नघरचे संगीताचे कार्यक्रम धरून वर्षाला पंचवीस-तीस वेळा मंचावर बसणे होते. आमच्याकडे ढोलकी-तबला, ऑक्टोपॅड, गिटार आणि मी एवढेच वादक असल्यामुळे मूळ गाण्यात जे जे वाजले आहे, म्हणजे व्हायोलिनचा ताफा, बासरी, सतार, मेंडोलिन, ॲकॉर्डियन, ते सर्व माझ्या ६१ पट्ट्यांमधून निघावे अशी सर्वांची अपेक्षा असते.

अडचण अशी आहे की एका भावगीताच्या अंतऱ्याआधीच्या पीसमध्ये (फक्त वाद्यांच्या तुकड्यात) व्हायोलिनची ओळ संपते आणि लगेच, अर्ध्या ठोक्यावर, बासरी सुरू होते. व्हायोलिनचा शेवटचा सूर सोडता सोडता मी डाव्या हाताने बासरीचे रजिस्ट्रेशन (टोनसकट साठवलेली मांडणी आणणारे बटण) दाबतो, आणि त्याच क्षणी व्हायोलिनची मागे राहिलेली आस कात्रीने कापल्यासारखी बंद होते, क्षणभर पोकळी जाणवते आणि मग बासरी येते. श्रोत्यांच्या ते कदाचित लक्षात येत नसेल, परंतु गायिका दर वेळी मागे वळून पाहते. आस विरेपर्यंत थांबलो तर बासरी उशिरा येते आणि ढोलकीवाला नाराज होतो. वाद्य ॲरेंजर प्रकारचे (तयार ताल-साथ देणारे) असून दहा वर्षे जुने आहे, आणि नवे घेण्याची सध्या ऐपत नाही. हा दोष माझ्या सरावाचा आहे की वाद्याचा, आणि त्यावर काही इलाज आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

पायपेटी

काळीचार, सरावाचा दोष मुळीच नाही, हे आधी सांगून टाकतो. बोट कितीही चपळ असले तरी जो सूर वाद्य आतून तोडते तो बोटाने जोडता येत नाही.

सिंथेसायझरच्या बाबतीत हा प्रश्न तसा जुना आहे. मिनीमूग १९७० साली आला तेव्हा त्यात आवाज साठवण्याची सोयच नव्हती. वादक प्रत्येक खुंटीची जागा कागदावर काढून ठेवत आणि दोन गाण्यांच्या मधल्या वेळात खुंट्या फिरवत. १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये ४० आवाज स्मृतीत ठेवून एका बटणावर आणता येऊ लागले, आणि मग चालू गाण्यात आवाज बदलण्याचा मोह वादकाला होणे अपरिहार्य होते. १९८३ चा यामाहा डीएक्स७ घ्या. त्यात ३२ आवाज होते, पण एका वेळी वाजणार एकच. म्हणून त्या पिढीतले वादक दोन मजली स्टँड लावून बसत, आणि त्यांचा नियम एकच होता: जो कीबोर्ड वाजत नाही, त्याचाच टोन बदलायचा. खालच्यावर व्हायोलिन चालू असताना वरच्यावर बासरी काढून ठेवायची, आणि बासरी चालू असताना खालच्यावर सतार. सूर तुटण्याचा प्रश्नच येत नाही. कुणाकडून एखादा जुना, अगदी साधा कीबोर्ड मिळाला तरी तुमचे काम भागेल.

मंद्रसप्तक

पायपेटी यांचा उपाय निर्विवाद आहे, परंतु दुसरे वाद्य घेण्याआधी पहिल्यात नेमके काय तुटते ते तपासावे असे मी सुचवीन. ‘सूर तुटतो’ या एकाच तक्रारीच्या पोटात तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली गोष्ट अशी की काही वाद्ये टोन बदलण्याची आज्ञा मिळताच त्या भागातले सर्व चालू सूर थांबवतात, मग पट्टी दाबलेली असो वा सोडलेली. दुसऱ्या प्रकारात दाबून ठेवलेला सूर जुन्याच टोनमध्ये चालू राहतो, पण पट्टी सोडल्यानंतरचा जो ओसरता भाग असतो, ज्याला वाद्याच्या मेनूमध्ये ‘रिलीज’ म्हणतात, तो नव्या टोनच्या मोजमापाने लगेच आटोपतो. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. त्यात टोन नीट ओसरतो, पण त्याच्यावरचा रिव्हर्ब (घुमारा) आणि कोरस (एक सूर अनेकांनी वाजवल्यासारखा भास) बदलला जातो. वाद्यातला इफेक्टचा विभाग नवी मांडणी चढवण्यासाठी क्षणभर गप्प होतो, आणि त्याच्या पोटात फिरत असलेला जुना घुमारा पुसला जातो. कानाला तिन्ही प्रकार ‘कट’ म्हणूनच ऐकू येतात, पण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

यासाठी घरी शांतपणे एक चाचणी करावी. व्हायोलिनच्या टोनमध्ये एक सूर दाबून ठेवा आणि पट्टी न सोडता दुसऱ्या हाताने बासरीचे रजिस्ट्रेशन दाबा. सूर गप्प झाला तर पहिला प्रकार. चालू राहिला तर तीच कृती पट्टी सोडल्या सोडल्या करून पाहा. शेवटी दोन्ही रजिस्ट्रेशनमधला रिव्हर्ब आणि कोरस शून्यावर नेऊन पुन्हा तेच करा. रिव्हर्ब नसताना तुटणे नाहीसे झाले, तर चोर इफेक्टच्या विभागात आहे.

महागड्या वाद्यांत हा प्रश्न कसा सोडवला आहे ते पाहिले की कारण अधिक स्पष्ट होते. २०११ साली आलेल्या कोर्ग क्रोनॉसमध्ये जुना आवाज त्याच्या इफेक्टसह मागे वाजत ठेवून नवा आवाज पुढे आणण्याची सोय केली गेली. यामाहाच्या २०१६ च्या मोंटाजमध्ये तशीच सोय आहे, पण ती आठ भागांपर्यंतच्या परफॉर्मन्सलाच (टोनच्या मांडणीलाच) लागू पडते, आणि २०१८ च्या मोडएक्समध्ये ही मर्यादा चार भागांवर येते. ही मर्यादा का असावी? कारण बदलाच्या त्या एक-दोन सेकंदांत वाद्याला जुने आणि नवे असे दोन्ही संसार एकदम चालवावे लागतात; सूर दुप्पट आणि इफेक्टही दुप्पट. तेवढी राखीव ताकद ज्या वाद्यात नाही, ते वाद्य जुना संसार मोडून मगच नवा मांडते. आपल्या कीबोर्डचे तेच होत असावे.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. मिडी केबलमुळे (वाद्यांमध्ये आज्ञा नेणाऱ्या तारेमुळे) टोन बदलायला उशीर लागतो असे पुष्कळ वादक मानतात. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे आणि एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे एक बाइट ३२० मायक्रोसेकंदांत जातो. बँक (टोनचा गट) निवडण्याचे दोन संदेश प्रत्येकी ३ बाइटचे आणि त्यानंतरचा प्रोग्राम बदलण्याचा संदेश २ बाइटचा, असे एकूण ८ बाइट धरले तरी सगळे २.५६ मिलिसेकंदांत पोहोचते. केरव्याच्या गाण्याला मिनिटाला ९६ ठोके धरले, तर एक ठोका ६२५ मिलिसेकंदांचा होतो. आपल्याला मिळणारा अर्धा ठोका सुमारे ३१२ मिलिसेकंदांचा आहे. केबलचा त्यातला वाटा नगण्य म्हणावा इतका आहे. वेळ लागतो तो आज्ञा पोहोचल्यानंतर, वाद्याच्या आत.

काळीचार

मंद्रसप्तक, आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्री हेडफोन लावून चाचणी केली. दाबून ठेवलेला सूर जुन्या टोनमध्येच चालू राहतो, पण त्याच्या भोवतीचा घुमारा एकदम नाहीसा होतो आणि सूर कोरडा, उघडा पडल्यासारखा वाटतो. पट्टी सोडल्यावर केले तर सगळेच तुटल्यासारखे वाटते. मात्र रिव्हर्ब आणि कोरस शून्यावर नेल्यावर व्हायोलिनचा सूर आपल्या गतीने विरत गेला आणि त्यावरूनच बासरी सुरू झाली. म्हणजे तिसरा प्रकार. सहा वर्षे मी बोटांना दोष देत होतो.

पण आता नवा पेच आहे. रिव्हर्बशिवाय व्हायोलिनचा टोन ऐकवत नाही.

निषादपंचम

घुमाऱ्याकडे वळण्याआधी एक साधी गोष्ट करून पाहा. बदल रजिस्ट्रेशनने करूच नका. आपल्या ॲरेंजरमध्ये उजव्या हाताचे किमान दोन भाग (स्वतंत्र टोन धरणारे कप्पे) असतील. पहिल्या भागात व्हायोलिन, दुसऱ्यात बासरी, असे दोन्ही टोन एकाच रजिस्ट्रेशनमध्ये बसवा आणि गाण्यात फक्त त्या भागांची चालू-बंदची बटणे वापरा. रजिस्ट्रेशन दाबले की वाद्य ताल, लय, इफेक्ट, आवाजाची पातळी असा संपूर्ण बाडबिस्तरा बदलते. भाग बंद केला तर फक्त नव्या दाबलेल्या पट्ट्या त्या भागाकडे जायच्या थांबतात. आधी दाबलेला सूर त्यानंतरही चालू राहतो का, हे मात्र आपल्या वाद्यावर तपासावे लागेल, कारण काही वाद्यांत भाग ‘बंद’ करणे आणि तो ‘म्यूट’ करणे या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि म्यूट हे चालू सुराचाही गळा दाबते.

दुसरा मार्ग पट्ट्यांची वाटणी करण्याचा आहे. बासरीचा पीस बहुधा दीड-दोन सप्तकांपलीकडे जात नाही. वरची दोन सप्तके बासरीला द्या, खालची तीन व्हायोलिनला, आणि दोन्हीकडे सप्तक वर-खाली करून सूर जागेवर आणा. मग काही दाबायचेच राहत नाही, हात उजवीकडे सरकला की बासरी. गैरसोय एवढीच की व्हायोलिनची ओळ वर चढत बासरीच्या हद्दीत शिरली की पंचाईत होते, आणि म्हणून गाणे बसवतानाच दोन्ही ओळींचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सूर कागदावर लिहून घ्यावा.

आणि रजिस्ट्रेशन वापरणारच असाल तर ट्रान्सपोजवर (सगळी पट्टी वर-खाली सरकवण्याच्या सोयीवर) लक्ष ठेवा. माझी झालेली फजिती सांगतो. गाणे काळी दोनमध्ये (दुसरी काळी पट्टी ‘सा’ धरून) बसवलेले होते. त्या दिवशी गायिकेचा गळा बसला होता, म्हणून ऐनवेळी पांढरी दोन ठरली आणि मी ट्रान्सपोज एकने खाली घेतले. मुखडा उत्तम झाला. पीस आला, मी पुढचे रजिस्ट्रेशन दाबले, आणि त्यात साठवलेल्या शून्य ट्रान्सपोजने आपले काम चोख बजावले. गिटार पांढरी दोनमध्ये आणि माझी सतार काळी दोनमध्ये! चार ठोके तसेच गेले. यामाहाच्या ॲरेंजर कीबोर्डमध्ये यासाठी ‘फ्रीझ’ नावाची सोय असते. ताल, लय, ट्रान्सपोज यांपैकी जे फ्रीझ केले असेल ते रजिस्ट्रेशन बदलले तरी हलत नाही. इतर कंपन्यांच्या वाद्यांत याला वेगळी नावे असतात. आपल्या वाद्यात अशी काही सोय असेल तर ट्रान्सपोज आणि लय या दोन गोष्टी कायम गोठवून ठेवाव्यात.

ठायलय

पायपेटी यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो की दुसरा कीबोर्ड हा उपाय ज्यांना टेम्पो मिळतो त्यांच्यासाठी आहे. आम्ही एसटीने जातो. मंडळाच्या मंचावर सत्काराच्या खुर्च्या, समई आणि हारांचे टेबल ठेवल्यावर वादकांना जी जागा उरते, तिच्यात दोन मजली स्टँड म्हणजे ऑक्टोपॅडवाल्याशी कायमचे भांडण.

माझा अनुभव असा आहे की गोंधळ टोनच्या बदलापेक्षा टोनच्या क्रमामुळे अधिक होतो. बहुतेक वादक मुखड्याचा टोन एका बटणावर, अंतऱ्याचा दुसऱ्यावर, बासरी तिसऱ्यावर ठेवतात आणि गाण्यात एक-तीन-दोन-एक-तीन असे मागेपुढे उड्या मारत राहतात. मी गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ज्या क्रमाने जाते त्याच क्रमाने रजिस्ट्रेशन साठवतो. मुखडा तीनदा येत असेल तर मुखड्याचा टोन तीन ठिकाणी साठवतो. जागा वाया जाते हे खरे; यामाहाच्या पीएसआर-एस९७० मध्ये एका बँकेत ८ आणि पीएसआर-एसएक्स९०० मध्ये १० रजिस्ट्रेशन बसतात, त्यामुळे एका गाण्याला एक बँक सहज लागते. पण बँकांना तोटा नाही, आणि डोक्यात एकच गोष्ट ठेवावी लागते: पुढे. एकदा क्रम सरळ केला की तो पायाकडे देता येतो. ज्या वाद्यात रजिस्ट्रेशनचा क्रम पेडलने पुढे नेण्याची सोय आहे, तिथे दोन्ही हात पट्ट्यांवर राहतात, आणि अर्ध्या ठोक्यात बटण गाठण्याची कसरत संपते.

पेडलचे दोन धोके मात्र सांगतो. पाय दोनदा पडला तर एक टोन ओलांडून पुढे जातो, म्हणून मागे येण्यासाठी दुसरा पेडल किंवा निदान एक ठरलेले बटण हवे. दुसरे, सस्टेनचा (पट्टी सोडल्यावरही सूर लांबवणारा) पेडल आणि टोनचा पेडल यांत किमान एक वीत अंतर ठेवा आणि त्यांचा आकार वेगळा असू द्या, अंधारात बुटाला फरक कळला पाहिजे. पुष्कळ कीबोर्ड चालू होताना पेडलची दिशा स्वतः ओळखतात. त्या क्षणी पाय पेडलवर असेल तर वाद्य उलटे समजते, आणि मग पाय उचलला की सस्टेन लागतो. असे झाले की घाबरून न जाता पाय बाजूला घेऊन वाद्य बंद करून पुन्हा चालू करावे.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो आणि इथल्या मराठी कार्यक्रमांत वाजवतो. माझी मांडणी वेगळी आहे. समोर फक्त पट्ट्या असलेला कंट्रोलर आणि आवाज लॅपटॉपमधून. मी ॲपलचे मेनस्टेज वापरतो. विंडोजवर कँटाबिले किंवा गिग परफॉर्मर आहे. या पद्धतीत कार्यक्रमाचे टोन आधीच स्मृतीत चढवलेले असतात आणि प्रत्येक टोनला स्वतःचा रिव्हर्ब देता येतो, त्यामुळे व्हायोलिनचा घुमारा व्हायोलिनपाशीच विरतो आणि बासरीचा बासरीपाशी सुरू होतो. बफर (आवाज बाहेर पडण्याआधीचा साठा) १२८ सॅम्पलचा आणि दर सेकंदाला ४४,१०० सॅम्पलचा ठेवला तर त्याचा उशीर २.९ मिलिसेकंद भरतो, जो बोटाला जाणवत नाही.

लॅपटॉप नसला तरी यामागची युक्ती जुन्या साउंड मॉड्यूललाही (पट्ट्या नसलेल्या आवाजाच्या पेटीलाही) लागू पडते, म्हणून लिहितो. मिडीचे १६ चॅनल असतात. एकाच चॅनलवर प्रोग्राम बदलत राहण्याऐवजी चॅनल एकवर व्हायोलिन, दोनवर बासरी, तीनवर सतार असे सर्व टोन गाण्याआधीच लावून ठेवावेत, आणि गाण्यात फक्त आपला कंट्रोलर कोणत्या चॅनलवर वाजतो तेवढे बदलावे. १९८८ च्या कोर्ग एम१ मध्येसुद्धा एका कॉम्बिनेशनमध्ये आठ टोन मांडता येत होते. कुठलाच टोन बदलला जात नसल्यामुळे तुटण्याला कारणच उरत नाही.

यातही एक खोच आहे. पट्टी दाबताना सूर चॅनल एकवर सुरू झाला, मध्येच आपण चॅनल दोनवर गेलो आणि मग पट्टी सोडली, तर ‘सूर थांबव’ हा संदेश एकवरच जायला हवा. चांगले कंट्रोलर हे लक्षात ठेवतात. जे ठेवत नाहीत, त्यांच्यामुळे व्हायोलिन अनंतकाळ वाजत राहते. सस्टेन पेडलचेही तसेच होते: पेडल दाबलेला असताना चॅनल बदलला आणि पाय नंतर उचलला, तर उचलल्याची बातमी जुन्या चॅनलला कळत नाही. म्हणून सस्टेनचा संदेश वापरात असलेल्या सर्व चॅनलना एकदम जाईल अशी मांडणी करावी, आणि ते जमत नसेल तर आधी पाय उचलावा, मग चॅनल बदलावा.

पायपेटी

हडसनकाठ, आपली मांडणी मोहक आहे. पण आमच्याकडे आरतीची वेळ झाली की मंडळाचा कार्यकर्ता मंचामागची वायर काढून तिथे माळ लावतो.

हडसनकाठ

पायपेटीजी, तिथे लॅपटॉपची बाजू भक्कम आहे. त्याला बॅटरी असते, आणि यूएसबीवर चालणारा ऑडिओ इंटरफेस व कंट्रोलरही त्याच बॅटरीवर तग धरतात. वर्कस्टेशन प्रकारचा कीबोर्ड वीज गेल्यावर पुन्हा उभा राहीपर्यंत निवेदकाला दोन विनोद सांगावे लागतात.

फेडरवरचा हात

मी वादक नाही, ध्वनियोजना सांभाळतो, आणि हा धागा वाचताना मला एकच प्रश्न पडला आहे: घुमारा कीबोर्डमध्येच हवा असा आग्रह का?

काळीचार यांच्या वाद्यातला रिव्हर्ब टोन बदलताना पुसला जातो, हे चाचणीत सिद्ध झाले आहे. मग तो वाद्याच्या बाहेर न्यावा. कीबोर्ड कोरडा ठेवा आणि मिक्सरवरच्या रिव्हर्बमध्ये त्या चॅनलचा थोडा सेंड (रिव्हर्बकडे वळवलेला आवाजाचा वाटा) द्या. मिक्सरला आपण टोन बदलला की नाही याचा पत्ताही नसतो, त्यामुळे व्हायोलिनचा घुमारा आपल्या चालीने विरतो आणि बासरी त्यावर येऊन बसते. गायिकेलाही त्याच रिव्हर्बमध्ये थोडेसे ठेवले तर आवाज आणि वाद्य एकाच खोलीत असल्याचा भास होतो, हा वरचा फायदा. मिक्सरवाल्यावर भरवसा नसेल, आणि तो नसण्याची कारणे मला आमच्याच व्यवसायामुळे ठाऊक आहेत, तर गिटारवाले वापरतात तसा एक छोटा रिव्हर्ब पेडल कीबोर्ड आणि मिक्सर यांच्या मध्ये लावावा. नव्या कीबोर्डच्या मानाने हा खर्च फारच किरकोळ आहे.

कोरसबद्दल वेगळे सांगायला हवे. आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांत कीबोर्डची एकच वायर मिक्सरला येते. व्हायोलिनच्या ताफ्याचे टोन डाव्या-उजव्या बाजूंत पसरून भव्य वाटावेत असे बनवलेले असतात, आणि दोन्ही बाजू एकात मिसळल्या की त्यांतले काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. हेडफोनमध्ये मखमली वाटलेला टोन मंचावर पातळ आणि दूरचा वाटतो तो यामुळे. घरी टोन निवडताना एकाच वायरने, एकाच स्पीकरवर ऐकून निवडावा. कोरस कमी केलेला साधा टोन तिथे अधिक भरीव ठरतो असे आपल्याला आढळेल.

आता पातळी. टोन बदलताना सूर तुटला नाही तरी आवाज एकदम उसळला किंवा पडला तर श्रोत्याच्या कानाला तेही तुटणेच वाटते. हेडफोनमध्ये बासरी आणि व्हायोलिन सारखी वाटली म्हणून मोठ्या स्पीकरवर ती सारखी राहत नाहीत, कारण बासरी कानाला टोचणाऱ्या पट्ट्यात असते आणि ताफा रुंद पसरलेला असतो. ध्वनिचाचणीच्या वेळी गाणी वाजवत बसण्याऐवजी त्या दिवशीचे सर्व टोन क्रमाने, प्रत्येकी चार ठोके, ढोलकी चालू ठेवून वाजवावेत आणि मिक्सरपाशी उभ्या असलेल्या माणसाने कोणता उसळतो ते सांगावे. मग दुरुस्ती रजिस्ट्रेशनमध्ये करून पुन्हा साठवावी. मास्टर व्हॉल्यूमच्या खुंटीला कार्यक्रमभर हात लावू नये. ती हलली की आधीची सगळी जुळणी फुकट जाते.

मंद्रसप्तक

फेडरवरचा हात यांनी मुद्द्यावर बोट ठेवले आहे, आणि मी वाद्याच्या आतच उत्तर शोधत बसलो हे मान्य करतो. एक लहानशी भर घालतो. मॉड्युलेशनचे चाक पुष्कळ वाद्यांत आपोआप मागे येत नाही. व्हायोलिनला कंप देण्यासाठी ते वर नेले आणि तसेच राहिले, तर पुढच्या टोनचे काय होईल हे वाद्यावर अवलंबून असते: काही वाद्ये चाकाची जागा लगेच मानतात आणि बासरी पहिल्या सुरापासून थरथरत येते, काही वाद्ये चाक पुन्हा हलेपर्यंत त्याकडे दुर्लक्ष करतात आणि मग हलताच एकदम उडी मारतात. एक्स्प्रेशन पेडलचेही असेच आहे. टोन बदलण्याआधी चाक खाली आणण्याची सवय हाताला लावून घ्यावी.

काळीचार

सर्वांचे आभार. परवा कोजागरीचा कार्यक्रम झाला, त्याचा वृत्तान्त देतो.

कीबोर्डमधला रिव्हर्ब आणि कोरस सर्व रजिस्ट्रेशनमधून काढून टाकला. मंचावरच्या मिक्सरमध्ये रिव्हर्ब होता, पण तो हाताळणारा तरुण आरंभी ऐकायला तयार नव्हता. एका मित्राचा रिव्हर्ब पेडल पिशवीत ठेवला होता तो काढून दाखवल्यावर त्याने मुकाट्याने सेंड दिला. निषादपंचम यांच्या सांगण्याप्रमाणे व्हायोलिन आणि बासरी एकाच रजिस्ट्रेशनमध्ये दोन भागांत ठेवली. माझ्या वाद्यात भाग बंद केल्यावर दाबलेला सूर चालू राहतो, हे घरी तपासून घेतले होते. ट्रान्सपोज गोठवण्याची सोय मेनूच्या तिसऱ्या पानावर दडलेली सापडली. दहा वर्षांत मी त्या पानावर कधी गेलोच नव्हतो. ठायलय यांचा सरळ क्रमही लावला, मात्र पेडलऐवजी बटणानेच, कारण माझ्या वाद्याला पेडलचे एकच भोक आहे आणि ते सस्टेनला लागते.

त्या भावगीताचा पीस सहा वर्षांत पहिल्यांदा हवा तसा गेला. व्हायोलिनची आस मागे राहिली आणि बासरी तिच्या अंगावरून आली. गायिकेने मागे वळून पाहिले नाही. चौदा गाण्यांपैकी बारा गाण्यांत टोनबदल नीट झाले. एकात मी चुकून एक रजिस्ट्रेशन पुढे गेलो, त्यात यंत्राचा दोष नव्हता.

चौदावे गाणे मात्र अडले. त्यात दादऱ्यातली सतार-बासरीची सवाल-जवाबाची जागा आहे. तीन मात्रा सतार, तीन मात्रा बासरी, असे चार वेळा, आणि मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. भागांची बटणे दाबताना दुसऱ्या फेरीत दोन्ही भाग एकदम चालू राहिले आणि सतारीच्या पोटातून बासरी वाजली. पट्ट्यांची वाटणी करावी तर दोन्हींच्या ओळी एकाच सप्तकातल्या आहेत.

निषादपंचम

ओळी एकाच सप्तकात ऐकू येतात म्हणून त्या एकाच सप्तकात वाजवाव्या लागतात असे नाही. खालची अडीच सप्तके सतारीला द्या आणि सतारीचा भाग एक सप्तक वर चढवून ठेवा. वरची अडीच बासरीला देऊन तो भाग एक सप्तक खाली उतरवा. हात दूर राहतील आणि सूर शेजारी ऐकू येतील.

पायपेटी

आणि सतार डाव्या हाताने वाजवा. उजवा हात सतारीवरून बासरीवर नेत-आणत राहिलात तर दादऱ्याच्या लयीत तिसऱ्या फेरीला तो चुकणारच. डाव्या हाताला सतारीच्या त्या चार ओळी जड जातील, विशेषतः मींडेसाठी पिच बेंडचे चाक वापरत असाल तर, कारण ते चाक डावीकडेच असते आणि त्याच वेळी तोच हात पट्ट्यांवर गुंतलेला असतो. सतारीतली मींड काढून टाका, सरळ सूर ठेवा. चाक मोकळे ठेवून ती बासरीला द्या, आणि सतारीची ओळ संपली की डावा हात चाकावर जाऊ द्या. आधी मिनिटाला साठच्या लयीत बसवा, ढोलकीशिवाय.

काळीचार

निषादपंचम, पायपेटी, आज संध्याकाळी दोन्ही एकत्र करून पाहिले. वाटणीनंतर सूर जागेवर आले. साठच्या लयीत डावा हात दोन फेऱ्या निभावतो, तिसऱ्या फेरीत चाकावरून परत यायला त्याला उशीर होतो. रविवारी तालीम आहे, तोपर्यंत सत्तरपर्यंत न्यायचे ठरवले आहे. गाण्याची खरी लय एकशे चारची आहे.